इथं कोणी मनोहर राहत नाही

एम. कॉम.ला मी विदेश व्यापार हा विषय घेतला तो संशयापोटी. वर्गातल्या बाकीच्या मुलांनी तो नोकरीच्या आशेनं घेतला होता. देशाला परकी चलन पाहिजे, निर्यात वाढली पाहिजे, असं तेव्हा रोज छापून यायचं आणि हा विषय घेतलेल्यांना दिल्ली-मुंबईत हातोहात उचलतात अशी हवा होती. मला नोकरी नको होती असं नाही. पण आपलं लोखंड कोण विकतं, कोणाला विकतं आणि मधल्यामध्ये कोणाचं पोट सुटतं, हे मला त्यांच्याच भाषेत वाचायचं होतं. मी पत्रकांवर वाढलेला मुलगा. मामा ड्यूटीवरून येताना युनियनची पत्रकं खिशात घडी करून आणायचे, मी ती शेगडीजवळ बसून मोठ्यानं वाचायचो आणि मामी लाखोळीची डाळ पाखडता पाखडता ऐकायची. प्रत्येक पत्रकात सवाल असत आणि सवालापुढे प्रश्नचिन्हाऐवजी उद्गारचिन्ह असे. त्यामुळे विचारणं आणि दटावणं यांतला फरक मला बरीच वर्षं कळला नाही. एम. कॉम.ला आलो तोवर ती पत्रकं मीच लिहायला लागलो होतो. मी विदेश व्यापार घेतल्याचं कळल्यावर युनियनमधल्या एका जुन्या कार्यकर्त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "तू इकडून आहे का तिकडून?" मी म्हणालो, "इकडूनच. तिकडचं पाहून येतो." त्याचं समाधान झालं नाही. मी खोलीत शिरलो की तो बोलणं बदलायचा.

कॉलेज रायपूरला. सकाळची पॅसेंजर चरोद्याच्या यार्डाबाहेर सिग्नलला हमखास अडायची, आणि शेजारच्या लाइनीवर मालगाडीच्या उघड्या वाघिणी उभ्या असायच्या. त्यांच्यात रूळ रचलेले असायचे, भिलाईच्या पोलाद कारखान्यातून, मामांच्या मिलमधून निघालेले, आणि वाघिणीच्या अंगावर खडूनं विशाखापट्टणम लिहिलेलं असायचं. डब्यातले बाकीचे लोक पत्ते पिसायचे, शेंगा सोलायचे. मी त्या वाघिणींकडे एखाद्या फरार माणसाकडे पाहावं तसा पाहायचो. हे रूळ बंदरात जाणार, जहाजात चढणार, कुठल्याशा देशात उतरणार. तिथं त्यांच्यावरून कोण प्रवास करणार? आम्ही इथं ज्या डब्यात बसलो होतो त्याखालचे रूळ तर इंग्रजांच्या काळातले होते! हा सवाल मी मनातल्या मनात उद्गारचिन्हासकट लिहून ठेवायचो.

मामांचं क्वार्टर म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकाची जागा आणि मागे छातीएवढ्या भिंतीचं अंगण. कारखान्याच्या दप्तरात त्या घरात दोन माणसं राहत होती, मामा आणि मामी. त्यांना मूल नव्हतं. खरं म्हणजे आम्ही पाच जण राहत होतो. माझा बाप तुमसरकडच्या मँगनीजच्या खाणीत दगावला, तेव्हा आईनं मॅट्रिकनंतर मला भावाकडे पाठवून दिलं. मामांच्या धाकट्या भावाचे दोन मुलगे, शंकर आणि नामदेव, ठेकेदाराकडे कामाला लागले होते, तेही इथंच. सगळ्या गल्लीची हीच तऱ्हा. भंडाऱ्याकडून, गोंदियाकडून एक माणूस लोखंडाच्या कामाला आला की त्याच्यामागून पुतणे, मेहुणे, भाचे येत राहायचे, आणि क्वार्टर तर नियमानं फक्त बायको-मुलांसाठी. मधूनच क्वार्टर चेकिंगवाले यायचे. कागदाबाहेरची माणसं सापडली तर नोटीस, आणि पुन्हा सापडली तर क्वार्टर खाली. गल्लीच्या तोंडाशी चेकिंगची चाहूल लागली की पहिल्या घरातली बाई मोठ्यानं कोंबड्यांना हाका मारायची. त्या बाईकडे कोंबड्या नव्हत्या. हाक ऐकू आली की मागच्या भिंतींवरून तरुण पोरं धपाधप उड्या टाकायची आणि कुरुद गावच्या शेतांकडे चालू लागायची. मीही कित्येकदा बगलेत पुस्तक धरून त्या बांधावर बसलो आहे. परकीय विनिमयाचं प्रकरण मी पूर्णपणे कुरुदच्या बांधावर वाचलं.

घरात आवाज सतत असायचा. कारखाना कधी गप्प बसत नसे. भोंगा, रुळांचा खणखणाट, रात्री आभाळ लाल करून टाकणारी भट्टीतली तापलेली मळी ओतली की खिडक्यांची थरथर. वाळत घातलेल्या धोतरावर तांबडी धूळ बसायची आणि मामी ती झटकताना कारखान्याला नवऱ्याच्या नात्यातल्या बाईला द्याव्यात तशा शिव्या द्यायची. मामांना ते आवडत नसे. भट्टीचा पाया खोदण्यापासून ते तिथं होते, रशियन साहेबांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले होते. "आपला कारखाना आहे," ते म्हणायचे. "तुमचा असन," मामी म्हणायची. "माह्या नावाचा तर इथं एक कागद नाही." सकाळी आदल्या रात्रीचा पाण्यातला भात, त्यावर कांदा आणि हिरवी मिरची; रात्री गरम भात, लाखोळीचं वरण, कधी सुक्या झिंग्यांची चटणी. झिंगे भाजले की शेजारच्या शेवंताबाई भिंतीपलीकडून विचारायच्या, "आज पगार झाला का वो?" आणि मामी म्हणायची, "तुह्या नाकाले सुट्टीच नाही बाई."

कॉलेजात आमचे मिश्रा सर शिकवायचे ते मला मनापासून पटायचं, आणि पटतं म्हणूनच खटकायचं. एकदा त्यांनी पतपत्र समजावून सांगितलं. कलकत्त्याचा व्यापारी आणि जपानचा व्यापारी, दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. हा म्हणतो आधी पैसे, तो म्हणतो आधी माल. मग मध्ये बँक येते, बँकेवर विश्वास नाही म्हणून दुसरी बँक येते, मालावर विश्वास नाही म्हणून तपासनीस येतो, समुद्रावर विश्वास नाही म्हणून विमा येतो. मी घरी येऊन मामीला हे सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "म्हणजे तिकडे बी कोणी कोणाच्या भरवशावर राहत नाही. मग येवढंच शिकाले रोज गाडीनं काहून जातं?"

आता मी भिलाईतच, वैशाली नगरात मुलाच्या घरी राहतो. नात आंतरराष्ट्रीय व्यवसायात एम. बी. ए. करते, घरी बसून, कानात ती पांढरी बोंडं घालून. परवा बँकेतून फोन आला, आजोबांचं केवायसी राहिलं आहे. नात म्हणाली, "आजोबा, घबराओ मत, फक्त तुम्ही तुम्हीच आहात हे सांगायचंय." मी मुळीच घाबरलो नव्हतो. मी तुम्ही-तुम्हीच-आहात हा पेपर फार पूर्वी दिलेला आहे.

शेवटच्या वर्षाला बंदरातलं प्रशिक्षण सक्तीचं होतं. विशाखापट्टणमला काही आठवडे राहून माल कसा चढतो, जहाजी बिल्टी कशी फाडतात, जकातवाले काय पाहतात हे पाहायचं, त्यावर अहवाल लिहायचा, आणि अहवालाशिवाय परीक्षेला बसता येत नसे. पण नुकतीच लढाई होऊन गेली होती. आमच्या खिडक्यांच्या काचांना लावलेला काळा कागद अजून पुरता निघाला नव्हता. हेरांच्या गोष्टी घरोघर होत्या. गल्लीत एका फुगेवाल्याला पोरांनी हेर म्हणून पिटाळलं होतं. अशा दिवसांत बंदरात शिरायला पोलिसांचा दाखला लागणार हे उघड होतं. कॉलेजनं सगळ्यांची नावं पत्त्यांसह पाठवली. मी माझा पत्ता म्हणून क्वार्टरचा नंबर दिला होता. दुसरा कुठला देणार? मी जिथं राहत होतो तिथं राहत होतो. खोटा पत्ता लिहिणं माझ्या पत्रकात बसत नव्हतं.

सगळ्यांचे दाखले आले, माझा आला नाही. मिश्रा सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. त्यांच्या हातात कागद होता, पण तो त्यांनी मला दिला नाही, स्वतःच वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिले.

"मनोहर, तुम रहते कहाँ हो?"

"भिलाई में, सर. मामा के यहाँ."

"पुलिस कहती है उस पते पर इस नाम का कोई आदमी नहीं रहता. पूरी गली में पूछा है." त्यांनी कागद मिटला. "बेटा, कोई बात हो तो अभी बता दो."

मला त्यांच्या आवाजातली ती ऊब नकोशी वाटली. ऊब दाखवून माणसाकडून काढून घेतात हे मी कुठल्याशा पत्रकात स्वतःच लिहिलं होतं. मी म्हणालो, काही बात नाही, मी तिथंच राहतो. ते म्हणाले, मग पंधरवड्याच्या आत ते पोलिसांना पटवून दे. गाडी निघायच्या आत दाखला आला नाही, तर वर्ष गेलं.

घरी आलो तेव्हा मामी अंगणात अंबाडी निवडत होती आणि शेवंताबाई भिंतीवर हनुवटी टेकून उभ्या होत्या. मी विचारलं, मला शोधत कोणी आलं होतं का? मामीचा चेहरा उजळला.

"आलता ना! फाइलवाला. साध्या कपड्यातला, पायात मात्र ते पोलिसाचे लाल बूट. मनोहर यहाँ रहता है क्या, म्हणते. म्या म्हणलं, कोन मनोहर? इथं कोनी मनोहर राहत नाही."

"अन् माह्या घरी बी आलता," शेवंताबाई म्हणाल्या. "मी तं सांगतलं, या गल्लीत मनोहर नावाचा मानूसच नाही. मनोहर नाव आमच्यात ठेवतच नाही म्हटलं."

"मामी, तो माझ्या परीक्षेसाठी आला होता!"

"परीक्षेसाठी पोलीस येते का? कोन्या कॉलेजात शिकून राहिला तू?" मामीनं अंबाडीची काडी माझ्याकडे रोखली. "अन् मी त्याले पानी देल्लं होतं. बाहेरच्या खाटेवर बसवलं, घासून-पुसून गिलास आनला. हातसुद्धा लावला नाही त्यानं. नहीं चाहिए, म्हणते. मग मी बी म्हटलं, नहीं रहता."

हे सांगायला हवं. आम्ही बौद्ध झालो त्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती, आणि पाण्याचा हिशेब आम्ही गावातून बरोबर घेऊन आलो होतो. भिलाईत नळ सगळ्यांचा एकच, रांग एकच, म्हणून मामा म्हणायचे की इथं ते संपलं. बायकांचं मत वेगळं होतं. त्यांनी कोणाला न विचारता, कुठलाही ठराव न करता, गल्लीत एक रीत पाडली होती. दारात परका माणूस आला की आधी पाणी द्यायचं. त्यानं ते घेतलं तर मग काय विचारेल ते सांगायचं. नाही घेतलं तर त्या घरात कोणी राहत नाही, त्या गल्लीत कोणी राहत नाही, सगळे गावी गेलेत. पोस्टमन प्यायचा, त्याला सगळी नावं ठाऊक होती. चेकिंगवाल्यांपैकी आजवर एकजणही प्यायला नव्हता.

मी ठाण्यात गेलो. फाइलवाला माणूस तिथं एका टेबलाशी बसला होता. नाव चौबे. वाळलेला, चेहरा ओढलेला, डोळे पिवळट दिसले; की तो तिथला दिवा होता, मला आज सांगता येत नाही. मी माझं नाव सांगितलं.

"साबित करो," तो म्हणाला.

"मैं आपके सामने खड़ा हूँ."

"खड़े तो हो. रहते कहाँ हो?" त्यानं फाइल मिटली. "घर के मुखिया का बयान चाहिए, कि लड़का हमारे यहाँ रहता है और चाल-चलन ठीक है. बस. परसों शाम को आऊँगा. आख़िरी बार."

वाटेनं चालताना मला कळलं की हे 'बस' किती मोठं आहे. मामांनी ते लिहून दिलं म्हणजे सरकारी कागदावर, सहीनिशी, मान्य केलं की दोन माणसांच्या क्वार्टरमध्ये तिसरा आहे, आणि कित्येक वर्षं आहे. तो कागद ठाण्यातून कारखान्यात जायला किती वेळ? एक सायकलवाला शिपाई पुरे. क्वार्टर गेलं तर मामा-मामी कुठं जाणार, शंकर-नामदेव कुठं जाणार? आणि तो चौबे खरंच बंदराच्या दाखल्यासाठीच येत होता, की चेकिंगवाल्यांनीच ही नवी युक्ती काढली होती? मिश्रा सरांनी दार का लावलं होतं? युनियनमधल्या त्या कार्यकर्त्यानं तर काही कळवलं नसेल? त्या दोन दिवसांत मी एकाही माणसाकडे सरळ पाहिलं नाही.

मामा मात्र लगेच तयार झाले. "लेहून देतो. त्यात काय? पोट्टा शिकून राहिला, काही चोरी करून नाही राहिला."

"अन् क्वार्टर?" मामी म्हणाली.

"एका पोट्ट्यासाठी क्वार्टर घेत नाही कोनी. आपला कारखाना आहे."

मामी मग माझ्याकडे वळली. तिनं आवाज चढवला नाही, त्यानंच मला धडकी भरली. "तू सांग. तुले तं सगळे कायदे माहीत. घेतीन का नाही?"

"घेऊ शकतात," मी म्हणालो. "मामी, मी नाही जात बंदराला. राहू दे डिग्री. दुसऱ्याचं छप्पर काढून मला काही शिकायचं नाही." हे मी खरंच मनापासून म्हटलं. अंगावर काटाही आला, स्वतःचंच पत्रक ऐकल्यासारखा.

"भाषन नोको देऊ," मामी म्हणाली. "दुसऱ्याचं कोन आहे इथं?" आणि ती शेगडीत कोळसे घालायला गेली. ती काय करणार आहे हे तिनं आम्हा दोघांनाही सांगितलं नाही.

ठरल्या संध्याकाळी चौबेजी आले. मामा पहिल्या पाळीवरून येऊन, आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून बसले होते. खिशाला पेन. गल्लीत दारोदार बायका उभ्या, कोणी उगाच दारासमोर झाडतेय, कोणी दिवे लागायच्या आधीच कंदील पुसतेय. शेवंताबाई तर आमच्याच ओट्यावर येऊन बसल्या होत्या. चौबेजी खाटेवर बसले, फाइल मांडीवर उघडली. मामीनं पितळेचा गिलास आणून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हात आडवा केला.

"नहीं माताजी. पेट ठीक नहीं है."

"मागच्या टाइमाले बी ठीक नव्हतं?"

"पीलिया हुआ है. डॉक्टर ने उबला पानी बोला है बस."

मामीनं गिलास खाली ठेवला. माझ्याकडे बोट केलं. "मग हा बी इथं नहीं रहता."

"अरे, सामने तो खड़ा है!"

"पाहुना आहे. आजच आला."

"उद्यापरवा जाईन बी," शेवंताबाईंनी पुस्ती जोडली. ओट्याखाली कोणीतरी खुसखुसलं. मामा उठायला लागले, "अवो, अवो," म्हणत. चौबेजींनी डोळे मिटले, दोन बोटांनी कपाळ दाबलं. मला वाटलं संपलं. वर्ष गेलं. आणि खोटं कशाला सांगू, आतून एक गरम, कडवट समाधानही वाटलं: पाहा, सरकार कसं असतं!

मामी मात्र उठून आत गेली. शेगडी बाहेर आणली, चौबेजींच्या समोर. त्यावर पातेलं ठेवलं, घड्यातलं पाणी त्यात ओतलं, आणि पंख्यानं वारा घालायला लागली. "उबला पाहिजे ना? उबालतो. बसा."

आता आलेला माणूस उठून गेला असता तर सगळ्या गल्लीला एक गोष्ट कळली असती, आणि बसला असता तर दुसरी. चौबेजींनी पातेल्याकडे पाहिलं, उभ्या असलेल्या बायकांकडे पाहिलं. ते बसून राहिले. पाणी तापायला फार वेळ लागतो. कारखान्याकडून लोखंड आदळल्याचा आवाज येत होता. मध्येच चौबेजींनी मामांना विचारलं, कुठल्या मिलमध्ये. मामांनी सांगितलं. मला विचारलं, ये विदेश व्यापार में क्या पढ़ाते हैं? मी म्हणालो, "यही, कि जो आदमी भरोसा नहीं करता उससे सौदा कैसे करना." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. हा मुलगा उद्धट आहे असं ते फाइलीत लिहितील की काय, असं मला वाटून गेलं.

पाण्याला खळखळून उकळी आली. मामीनं ते दोन गिलासांमध्ये वरून खाली, खालून वर ओतत गार केलं, उंचावरून, धार न मोडता. मग गिलास पुढे धरला. चौबेजींनी तो घेतला. ओठांना लावला. वरून ओतून नाही, लावून. आणि सगळा प्यायले.

त्यांना खरोखर कावीळ होती, की काम उरकायचं होतं म्हणून प्यायले, की आधी सोवळं होतं आणि आमच्या शेगडीपुढे ते वितळलं? कित्येक वर्षं मी ही तीनही उत्तरं आळीपाळीनं खरी मानत आलो आहे. माझ्यासारख्या माणसाला एक पुरत नाही.

मामीचं मात्र काम झालं होतं. ती खाली बसली आणि सांगू लागली, आणि जे सांगायला नको होतं तेही सांगू लागली. "हा मनोहर. माह्या नंदेचा पोरगा. मॅट्रिकपासून इथं राहते. चांगला आहे, फक्त तोंड फटकळ आहे. अन् हा शंकर. अन् हा नामदेव, याचा भाऊ. हे बी इथंच राहतेत, पाच जन आहो आमी." शंकर-नामदेव दारातून मागच्या भिंतीकडे सरकत होते ते तसेच थिजले. मामांनी डोक्याला हात लावला. चौबेजींचं पेन कागदावर चाललं होतं. त्यांनी एकच नाव लिहिलं. बाकीच्यांच्या वेळी पेन उचलून धरलं आणि मामी थांबेपर्यंत तसंच धरून ठेवलं. मला ते बघून हायसं वाटलं नाही. लिहिलं नाही म्हणजे लक्षात ठेवलं असेल, हेच मनात आलं.

मग त्यांनी कागद मामांपुढे सरकवला. मामांनी खिशातून पेन काढून टोपण उघडलं. मामीनं ते पेन त्यांच्या हातातून घेतलं.

"मी करतो सही."

"मुखिया की चाहिए, माताजी."

"मुखिया मीच आहो. इचारा यायले."

मामांनी गल्लीकडे पाहिलं. सगळ्या बायका त्यांच्याकडेच पाहत होत्या. "हाव जी," ते म्हणाले, आणि शेवंताबाईंनी तोंडाला पदर लावला.

"क्वार्टर तो इनके नाम पर है."

"नावावर आहे. पन घरात कोन राहते, कोन नाही, हे मले माहीत का यायले? हे तं कारखान्यात राहतेत."

चौबेजी पहिल्यांदाच हसले. "कर दीजिए," म्हणाले. विहारातल्या बायकांच्या वर्गात मामी सही शिकली होती. तिनं आधी मला तो मजकूर मोठ्यानं वाचायला लावला. मी वाचल्यावर माझ्यावरही तिचा विश्वास बसला नाही, म्हणून पलीकडच्या घरातल्या शिकलेल्या सुनेला बोलावून पुन्हा वाचून घेतला. मग जीभ दाताखाली धरून एकेक अक्षर कोरलं. नाव पूर्ण झाल्यावर त्याखाली रेघ ओढली, वर्गात शिकवली होती तशी.

दाखला आला. मी विशाखापट्टणमला गेलो, चरोद्याला पाहिलेले रूळ जहाजात चढताना पाहिले, अहवाल लिहिला, डिग्री झाली. त्या कागदावरून क्वार्टरला नोटीस कधीच आली नाही. पण हे सगळं नंतर. त्या संध्याकाळी यातलं काहीच आम्हाला ठाऊक नव्हतं.

चौबेजी गेले, बायका पांगल्या, शेवंताबाईंनी जाता जाता "मुखियाबाई, रामराम" म्हणून घेतलं. मामा खाटेवर बसून होते. पेन हातातच. मग हळू आवाजात म्हणाले, "सगळ्यायच्या समोर माह्या हातातून पेन घेतला तू. माह्यावर भरवसा नाही का तुह्या?"

"तुमच्यावर आहे. त्या कागदावर नाही," मामी म्हणाली. ती शेगडीतले निखारे चिमट्यानं वेगळे करत होती. "उद्या तो कागद घेऊन चेकिंगवाले आले, तं तुमी सांगा, बायको खोटं बोलली, मी ड्यूटीवर होतो. काढून टाकाले मले कोनती नोकरी आहे?"

मामांनी पेनाला टोपण लावलं.

"अन् मी असं सांगीन, असं वाटते तुले?"

"नाही सांगनार. म्हनूनच आताच शिकवून ठेवतो." ती चिमटा खाली ठेवून त्यांच्यासमोर येऊन बसली. "म्हना. बायको खोटं बोलली, मी ड्यूटीवर होतो."

मामांनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि पुटपुटले. त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती.

"असं नाही," मामी म्हणाली. "असं तं कोनी बी ओळखन. माह्याकडे पाहून म्हना."

मामांनी तिच्याकडे पाहिलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.